न सांगता होणारी कामं

मणक्याला मार लागून कमरेखालचं अंग गेलं, की घरात पहिला प्रश्न एकच असतो: पुन्हा चालता येईल का? प्रश्न साहजिक आहे. पण वर्षभराने त्याच घरात गेलं, तर बोलणं भलत्याच गोष्टींचं चाललेलं असतं. लघवीची नळी किती वाजता घालायची, बैठकीची कातडी लाल दिसतेय का, संडासला आज दीड तास का लागला, बाथरूमच्या दारातून खुर्ची आत कशी न्यायची. चालणं हे चारचौघांना दिसणारं काम. त्याखेरीज शरीर दिवसभरात कितीतरी कामं आपल्याला न सांगता उरकत असतं. मज्जारज्जूला इजा झाल्यावर खरी जुळवाजुळव करावी लागते ती या कामांची. ती एकेक करून माणसाने आणि घड्याळाने वाटून घ्यायची असतात.

मज्जारज्जू हा मेंदूतून निघून मणक्यांच्या पोकळीतून खाली उतरणारा मज्जातंतूंचा जुडगा. प्रौढ माणसात तो साधारण ४५ सेंटिमीटर लांब असतो आणि कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो. रिपोर्टवर ‘सी ६’, ‘डी ८’, ‘एल १’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. सी म्हणजे मानेचे ७ मणके, डी म्हणजे छातीमागचे १२, एल म्हणजे कमरेचे ५. इजा जितकी वर, तितकं जास्त अंग जातं. मानेत सी ४ च्या वर असेल तर श्वासही धोक्यात येतो. सी ६ शाबूत असेल तर मनगट वर उचलता येतं. सी ७ असेल तर कोपर जोराने सरळ करता येतं आणि पलंगावरून खुर्चीत स्वतः सरकण्याची आशा धरता येते. छातीच्या पातळीवरच्या इजेत हात पूर्ण चांगले राहतात, पण धड सावरणं अवघड होतं. झाडावरून, गच्चीवरून किंवा विहिरीत पडलेल्यांचा मणका बऱ्याचदा डी १२ आणि एल १ च्या आसपास मोडतो. बरगड्यांनी जखडलेली पाठ तिथे संपते आणि वाकणारी कंबर सुरू होते, म्हणून. या लेखात मुख्यतः छातीच्या आणि कमरेच्या पातळीवरच्या इजेचा विचार आहे.

ऑपरेशनबद्दलचा एक गैरसमज सुरुवातीलाच दूर केलेला बरा. मोडलेला मणका प्लेट आणि स्क्रू लावून घट्ट बसवतात, रज्जूवर आलेला दाब काढतात. त्यामुळे रुग्णाला लवकर उठवून बसवता येतं आणि आणखी इजा टळते. पण रज्जूतले तुटलेले तंतू सांधणारं ऑपरेशन आज जगात कुठेही नाही. ‘ऑपरेशन यशस्वी झालं’ हे सर्जन हाडाबद्दल बोलतात, घरचे ते पायांबद्दल ऐकतात. पुढच्या कित्येक महिन्यांचा मनस्ताप इथून सुरू होतो.

इजा पूर्ण आहे की अपूर्ण, हे ठरवण्याची तपासणी नातेवाइकांना चमत्कारिक वाटते. डॉक्टर गुदद्वाराजवळ टाचणी टोचून आणि आत बोट घालून पाहतात. तिथल्या नसा रज्जूच्या अगदी शेवटच्या टोकातून येतात. तिथे संवेदना असेल किंवा रुग्णाला तो स्नायू आपणहून आवळता येत असेल, तर इजेच्या पलीकडे काही तंतू शाबूत आहेत असा अर्थ होतो. अशी अपूर्ण इजा पुढे बरीच सुधारू शकते. पूर्ण इजेत, विशेषतः छातीच्या पातळीवर, पाय पुन्हा कामाला येण्याची शक्यता फार थोडी असते. जी काही सुधारणा व्हायची ती बहुतेक पहिल्या सहा ते बारा महिन्यांत दिसते, त्यानंतर वेग मंदावतो. हे आकडे डॉक्टरांनी सांगायला हवेत आणि घरच्यांनी विचारायला हवेत. दोन्ही बाजू टाळाटाळ करतात, आणि मधल्या मोकळ्या जागेत स्टेम सेलचं दुकान उभं राहतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मज्जारज्जूच्या इजेसाठी स्टेम सेल हा मान्य उपचार नाही. तो फक्त रीतसर संशोधनात वापरता येतो, आणि संशोधनात भाग घेणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नसतात. कोणी लाखांचं पॅकेज सांगत असेल तर ते संशोधन नव्हे, एवढं ओळखावं आणि शेत विकू नये.

इजेनंतर काही दिवस ते काही आठवडे इजेखालचा रज्जू गप्प असतो. पाय लुळे पडलेले असतात, मूत्राशय सैल असतं. मग एखाद्या दिवशी पांघरूण ओढताना गुडघा झटकन वर येतो. घरात आनंदीआनंद होतो, नवस बोलले जातात, फोन जातात. दुर्दैवाने ही बहुतेक वेळा सुधारणा नसते. खालचा रज्जू जागा झालेला असतो, पण त्याला आवर घालणारे मेंदूचे निरोप पोचत नसतात, म्हणून स्नायू आपल्या आपण आखडतात. रुग्णालयात याला ‘स्पॅझम’ म्हणतात, घरी ‘झटके’. फरक ओळखायची साधी रीत आहे: सांगितल्यावर अंगठा हलतो का, आणि थांब म्हटल्यावर थांबतो का? झटके निव्वळ वाईटही नसतात. ते स्नायूंचा भराव टिकवतात, आणि खाली काही बिघडलं तर तेच पहिली वर्दी देतात. एरवी दिवसाला चार-दोन वेळा येणारे झटके अचानक वाढले, तर लघवीचा संसर्ग, कुठे जखम, नख रुतणं, पोट साफ न होणं, यांपैकी काहीतरी शोधावं. त्रासदायक झटक्यांवर बॅक्लोफेनसारखी गोळी मिळते. ती मनाने एकदम बंद करणं धोक्याचं असतं. एल १ जवळ रज्जूच्या टोकालाच किंवा त्याखालच्या नसांना मार बसला असेल, तर झटके येत नाहीत, पाय लुळेच राहतात. मूत्राशय आणि आतड्याचं गणितही तिथे वेगळं होतं.

मूत्राशयाचं सविस्तर सांगितलं पाहिजे, कारण एके काळी ही माणसं पायांमुळे नव्हे, मूत्रपिंडं निकामी होऊन मरत. निरोगी मूत्राशयात ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी साठते, मग मेंदूला कळवलं जातं आणि सोयीची वेळ पाहून झडप उघडते. इजेनंतर कळवणंही तुटतं आणि उघडणंही. वरच्या इजेत मूत्राशय अवेळी आवळतं आणि त्याच क्षणी झडपही आवळली जाते. आतला दाब वाढतो आणि लघवी उलट मूत्रपिंडाकडे ढकलली जाते. बाहेरून मात्र एवढंच दिसतं, की थोडी थोडी गळते आहे. गळण्याची लाज वाटते म्हणून सगळं लक्ष तिकडे जातं. नुकसान करत असतो तो न दिसणारा दाब.

यावरचा उपाय अमेरिकेतल्या मिशिगनचे मूत्ररोगतज्ज्ञ जॅक लॅपिडिस यांनी १९७२ मध्ये मांडला आणि तो अजून पहिल्या पसंतीचा आहे. दर चार ते सहा तासांनी एक बारीक नळी मूत्रमार्गातून घालायची, मूत्राशय पूर्ण रिकामं करायचं आणि नळी काढून टाकायची. त्या काळी नळी घालणं म्हणजे निर्जंतुक हातमोजे आणि ऑपरेशन थिएटरची शिस्त. लॅपिडिस यांचं म्हणणं असं, की साबणाने धुतलेले हात आणि स्वच्छ नळी पुरे. वेळेवर रिकामं करणं जास्त महत्त्वाचं, कारण ताणलेलं मूत्राशय संसर्गाला लवकर बळी पडतं. कायम आत ठेवलेल्या नळीपेक्षा यात संसर्गही कमी. हात चांगले असतील तर पुरुष हे काही दिवसांत शिकतो. बाईला सुरुवातीला आरसा लागतो, पुढे बोटांच्या अंदाजाने जमतं. दर वेळी निघालेली लघवी मापात मोजायची आणि वहीत लिहायची. आकडा ५०० च्या वर जायला लागला, तर एक वेळ वाढवायची किंवा पाणी कसं विभागून प्यायचं ते बदलायचं. दिवसाला दोन लिटरच्या आसपास पाणी थोडं थोडं करून प्यावं, संध्याकाळनंतर कमी करावं. प्रवासाच्या भीतीने पाणीच तोडणं हा सगळ्यांनी केलेला आणि सगळ्यांना भोवणारा प्रकार. पोट दाबून लघवी काढण्याचा सल्लाही अजून कुठे कुठे दिला जातो. त्याने आतला दाब वाढतो, म्हणून तो मानू नये.

नळी वापरणाऱ्याच्या लघवीत जंतू सापडणारच. ताप नाही, झटके वाढले नाहीत, थंडी वाजत नाही, तर नुसत्या रिपोर्टवर अँटिबायोटिक घेऊ नये. पुढे खरी गरज पडेल तेव्हा औषध लागू पडत नाही. वर्षातून एकदा मूत्रपिंडाची सोनोग्राफी आणि रक्तातलं क्रिएटिनिन तपासावं. डॉक्टर सांगतील तेव्हा मूत्राशयाचा दाब मोजणारी युरोडायनॅमिक तपासणीही करून घ्यावी.

दुसरं न सांगता होणारं काम म्हणजे चुळबुळ. सिनेमा पाहताना आपण किती वेळा या कुल्ल्यावरून त्या कुल्ल्यावर सरकतो हे कोणी मोजत नाही. हाडाखाली दबलेल्या मांसाला रक्त मिळेनासं झालं की ते टोचू लागतं आणि आपण हलतो. संवेदना गेली की हे टोचणं जातं, आणि काही तासांत आतलं मांस मरायला लागतं. जखम आधी हाडाजवळ होते, कातडीवर नंतर दिसते, म्हणून ‘काल तर काहीच नव्हतं’ असं घरचे म्हणतात ते खोटं नसतं. माकडहाड, बसताना टेकणारी दोन हाडं, मांडीच्या वरचा बाहेरचा उंचवटा आणि टाचा, या ठरलेल्या जागा. सकाळ-संध्याकाळ आरशात त्या पाहायच्या. आपल्या सावळ्या कातडीवर लाली सहजासहजी दिसत नाही, म्हणून हात लावूनही पाहावं: जागा आजूबाजूपेक्षा गरम, टणक किंवा जास्त काळपट लागते का? वजन काढल्यावर अर्ध्या तासात ती पूर्ववत झाली नाही, तर पूर्ववत होईपर्यंत त्या जागेवर बसायचं नाही, कितीही महत्त्वाचं लग्न असो.

पलंगावर सुरुवातीला दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. ही शिस्त ज्यांनी रुजवली ते लुडविग गुटमन नाझी जर्मनीतून निसटून इंग्लंडला आलेले न्यूरोसर्जन. १९४४ मध्ये त्यांच्याकडे स्टोक मँडेव्हिल इथला लष्करी रुग्णांचा वॉर्ड आला. पहिल्या महायुद्धात असे बहुतेक सैनिक जखमा सडून आणि लघवीच्या संसर्गाने लवकरच दगावले होते, आणि उपचार करण्यात अर्थ नाही असंच सर्वत्र मानलं जाई. गुटमन रात्री स्वतः वॉर्डात येऊन पाळी चुकली नाही ना ते पाहत. त्यात नवं औषध काही नव्हतं, घड्याळ होतं. पुढे कातडी सोसू लागली की हे अंतर तपासत तपासत वाढवता येतं, आणि पालथं झोपायची सवय लागली तर सलग झोपही मिळते. पालथं झोपण्याने कंबर आणि मांड्या आखडत नाहीत, हा वरचा फायदा.

खुर्चीत बसल्यावर दर अर्ध्या तासाने छाती मांड्यांकडे वाकवून दोन मिनिटं तसंच राहायचं. हातांवर जोर देऊन अंग वर उचलण्याची जी पद्धत पूर्वी शिकवत, तिच्यात माणूस पाच-दहा सेकंदांत दमतो. तेवढ्यात रक्त परत भरत नाही, आणि खांदे मात्र झिजतात. बसायला फोमची, जेलची किंवा हवेच्या कप्प्यांची नीट बनवलेली गादी हवी. मेडिकलच्या दुकानात मिळणारी मधे भोक असलेली रबरी ट्यूब वापरू नये, तिच्या कडेने उलट रक्त अडतं. लाल झालेल्या जागी तेल-स्पिरिट लावून चोळणंही नको. भाजण्याचं तर विचारूच नका: मांडीवरचा चहाचा कप, उन्हात तापलेलं गाडीचं सीट, पाय शेकायची गरम पाण्याची पिशवी. पाय कळत नसताना ‘शेकलं की बरं वाटेल’ असं वाटणं मायेपोटी असतं, पण फोड येतात.

पोटाचं काम त्या मानाने सरळ आहे, फक्त धीर लागतो. रोज किंवा दिवसाआड, ठरलेल्या वेळीच बसायचं. खाल्ल्या-प्यायल्यावर आतडं आपोआप हलतं, तेव्हा सकाळचा चहा-नाश्ता झाल्यावर वीस-तीस मिनिटांनी कमोडच्या खुर्चीत बसणं सोयीचं. वरच्या इजेत गुदद्वाराची प्रतिक्षिप्त क्रिया शाबूत असते. तिथे सपोझिटरी घालून, मग हातमोजा आणि जेल लावलेल्या बोटाने आत हळुवार गोल फिरवलं की आतडं स्वतः ढकलतं. रज्जूच्या टोकाच्या इजेत ती क्रियाच नसते, बोटाने काढावं लागतं. ज्वारीची भाकरी, पालेभाज्या, गरज पडली तर इसबगोल. पहिल्या महिन्यांत तासाभरापेक्षा जास्त वेळ जातो, बसलेली सवय तो वेळ कमी करते. कमोडच्या सीटलाही गादी हवी, हे विसरलं जातं.

डी ६ आणि त्यावरच्या इजा असलेल्यांनी आणखी एक गोष्ट घरात सगळ्यांना शिकवून ठेवावी. मूत्राशय तुंबलं, मळ अडकला, नख रुतलं, असं खाली काहीही दुखवणारं घडलं तर रक्तदाब एकाएकी चढतो. डोकं ठणकतं, चेहरा लाल होतो, इजेच्या वर घाम सुटतो. या माणसांचा नेहमीचा वरचा रक्तदाब ९० ते ११० असतो, त्यामुळे १४० हा आकडा पाहून दवाखान्यात कोणी दचकत नाही. त्यांच्यासाठी तो फार वाढलेला असतो. आधी आडवं न करता ताठ बसवायचं, पट्टे-कपडे सैल करायचे, नळी पिळली-तुंबली आहे का पाहून मूत्राशय रिकामं करायचं, मग इतर कारणं शोधायची. कारण सापडलं नाही किंवा दाब उतरला नाही तर ताबडतोब दवाखाना. इजेखाली घाम येत नसल्याने विदर्भ-मराठवाड्याच्या मे महिन्यात अंगही लवकर तापतं. ओला टॉवेल आणि पाण्याचा फवारा जवळ असावा.

व्हीलचेअर घेताना बहुतेक घरं रुग्णालयात असते तसली घडीची, जड, सगळ्यांना एकाच मापाची खुर्ची आणतात. ती दुसऱ्याने ढकलायची गाडी आहे. रोज वापरायची खुर्ची अंगाच्या मापाने घ्यावी लागते, चपलेसारखी. बैठकीची रुंदी कमरेपेक्षा जेमतेम जास्त, पाठीचा आधार खाली, मागची चाकं खांद्याच्या रेषेत. खुर्चीचं वजन निम्म्यावर आलं की माणूस ती स्वतः ढकलू लागतो. आता खांदेच पाय झालेले असतात. पंधरा-वीस वर्षांनी ते दुखू लागले की स्वावलंबन जातं, म्हणून चाकाला छोटे झटके न देता लांब, सावकाश ढकल द्यायची सवय सुरुवातीपासून लावावी.

हातांची ताकद आणि धडाचा तोल मिळवायला गुटमन यांनी खेळ वापरले. २९ जुलै १९४८ रोजी, लंडन ऑलिंपिक सुरू झालं त्याच दिवशी, त्यांनी खुर्चीत बसलेल्या १६ जणांची तिरंदाजीची स्पर्धा भरवली. पॅरालिंपिकचं मूळ ते. सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखाली लुळे झाले, पोहणं त्यांनी उपचार म्हणून सुरू केलं आणि १९७२ मध्ये हायडेलबर्गला ५० मीटरचं सुवर्णपदक जिंकलं. पदकाची गोष्ट सगळे सांगतात. मला त्यातला उपचाराचा भाग जास्त मोलाचा वाटतो, कारण तो कोणालाही लागू पडतो.

घरात मोठा शत्रू उंबरठा. खुर्चीला ऐंशी-नव्वद सेंटिमीटरचं दार लागतं, आपल्या बाथरूमचं दार अनेकदा त्याहून अरुंद असतं. कधी कधी चौकट न फोडता नुसतं दार काढून पडदा लावला तरी भागतं. उताराचा नियम एकास बारा: सहा इंचाच्या पायरीला सहा फुटांचा रॅम्प. घाईने बांधलेले तीन फुटी रॅम्प पाहुण्यांना दाखवायला असतात, चढायला नाही. मोरीत बसून अंघोळ करणाऱ्या घरांत कमोडची चाकवाली खुर्चीच अंघोळीला वापरावी. ओल्या फरशीवर पाटावर उतरवणं-चढवणं दोघांनाही पाडतं.

मनाचं काय, असा प्रश्न येतोच. दुःखाच्या ठरावीक पायऱ्या असतात आणि शेवटच्या पायरीवर ‘स्वीकार’ असतो, यावर माझा विश्वास नाही. एखादा सहा महिन्यांत कामाला लागतो, एखाद्याला तिसऱ्या वर्षी रडू फुटतं. झोप, भूक, बोलणं बंद झालं, जगण्यात अर्थ नाही असं म्हणू लागला, तर ते नैराश्य आहे आणि त्यावर उपचार आहेत. सगळ्यात उपयोग होतो तो आपल्यासारखीच इजा असलेल्या, पण पाच-दहा वर्षं पुढे गेलेल्या माणसाला भेटण्याचा. मुंबईत हाजी अलीची पुनर्वसन संस्था, माजी सैनिकांसाठी खडकीचं पॅराप्लेजिक केंद्र, दिल्लीत मेजर अहलुवालियांनी उभं केलेलं स्पायनल इन्ज्युरीज सेंटर, इथे अशी माणसं भेटतात. डॉक्टरांना विचारायला लाज वाटते असे प्रश्न त्यांना विचारता येतात.

त्यातला पहिला बहुधा शरीरसंबंधांचा असतो. संबंध थांबावेत असं काही कारण नाही. पद्धत आणि वेळ बदलते, आधी मूत्राशय रिकामं करावं लागतं. बाईची पाळी काही महिन्यांत परत सुरू होते आणि तिला मूल होऊ शकतं. तिला माहेरी धाडणाऱ्या घरांना हे सांगितलंच जात नाही. पाळी सुरू झाली की गर्भनिरोधनाचाही विचार करावा लागतो. पुरुषाला ताठरतेसाठी गोळ्यांचा उपयोग होतो. वीर्य बाहेर येण्यात अडचण असते, पण ते वैद्यकीय मदतीने मिळवून बाप होता येतं.

नोकरी सरकारी असेल तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २० वाचून ठेवावं. नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून कर्मचाऱ्याला काढता येत नाही. त्याच पगारावर झेपेल अशा पदावर बदली द्यावी लागते, तसं पद नसेल तर जादा पद निर्माण करून ठेवावं लागतं. ‘स्वेच्छानिवृत्ती’च्या कागदावर सही मागितली जाते ती हे माहीत नसल्यामुळेच मिळते. खासगी नोकरी आणि शेती यांना असा आधार नाही, तिथे बसून होणारं काम शोधावं लागतं. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड मात्र सगळ्यांनीच काढावं, पुढचे बहुतेक अर्ज त्यावरच चालतात.

बाहेर पडायला मागे दोन जादा चाकं लावलेली स्कूटर हा आपल्याकडचा सर्वांत स्वस्त मार्ग. कार असेल तर ब्रेक आणि ॲक्सिलरेटर हातात आणणारी जोडणी बसवता येते. दोन्हींत केलेला बदल आरटीओकडे नोंदवून परवान्यावर घ्यावा लागतो, नाहीतर विमा अडतो. स्कूटरवर बसताना खुर्चीतली गादी खाली घ्यायची, कळत नसलेले पाय पट्ट्याने बांधायचे, सायलेन्सर पोटरीला लागत नाही ना ते पाहायचं. आणि निघण्याआधी मूत्राशय रिकामं करून एक जादा नळी डिकीत टाकायची.